कुठल्या लाईनला आहात?

मुलगी बघायला गेलो होतो. चहाचा कप पुढे करत भावी सासऱ्यांनी विचारलं, "कुठल्या लाईनला आहात?"

"अकाउंट्स," मी म्हणालो.

"ते बायोडेटात वाचलं हो. लाईन कुठली? सेंट्रल?"

डोंबिवली म्हटल्यावर बोरिवलीच्या त्या हॉलमध्ये सुतकी शांतता पसरली. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला धावली, ती आमच्याच लाईनवर, असं सांगून पाहिलं. "वेळेवर पोचली होती का?" एवढंच त्यांनी विचारलं.

लग्न झालं, पण या शब्दाशी माझं वाकडं आहे ते तेव्हापासून. इंग्रजीत कवितेची ओळ, नटाचं वाक्य, चेहऱ्यावरची सुरकुती, माशाच्या गळाची दोरी, सगळ्याला लाईनच. मुळात जवसाच्या धाग्याला लॅटिनमध्ये जे म्हणायचे, त्यावरून हा शब्द आला. लिनन आणि लिनसीड त्याच्याच भावकीतले. म्हणजे भाकरीवरची जवसाची चटणी आणि सासऱ्यांची वेस्टर्न लाईन एका कुळातल्या निघाल्या! त्याच लाईनवरच्या मरीन लाइन्स स्टेशनचा मात्र रुळांशी नावापुरताही संबंध नाही. इंग्रजांच्या लष्करात बराकींच्या ओळींना लाइन्स म्हणत आणि तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या. पोलीस लाईन आणि नागपूरचं सिव्हिल लाइन्स हेही त्यातलेच. हे सासऱ्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "तरी गाड्या वेळेवर येतात."

पण खरी कसोटी लागली ती परवा रात्री. आमची लाईट गेली. समोरच्या बिल्डिंगमध्ये झगमगाट, आमच्याकडे मिट्ट काळोख. तक्रारीचा फोन लावला तर एक बाई गोड आवाजात "कृपया लाईनवर राहा" म्हणाल्या आणि सतार सुरू झाली. द्रुत लयीपर्यंत ऐकून ठेवून दिला. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून लाईनमनचा नंबर मिळवला.

"भाऊ, कुठे आहात?"

"लाईनवर."

"हो, फोनच्या लाईनवर आहात ते कळलं. पण आहात कुठे?"

"अहो साहेब, खांबावर! तुमचाच डीओ उडालाय, खांबावरचा फ्यूज हो. ठेवा आता, हात मोकळा लागतो."

"काय म्हणाला?" अंधारातून आईने विचारलं.

"लाईनवर आहे म्हणतो."

"आत्ता? रात्रीचं रेशन उघडं असतं होय?"

आईची लाईन म्हणजे रांग. रॉकेलच्या लायनीत डबा ठेवून नंबर लावायचा, घरी येऊन कुकर चढवायचा आणि तिसऱ्या शिट्टीला परत जायचं, यात तिचा निम्मा संसार झाला. तिला खांब, तार, डीओ असं सगळं समजावून सांगितलं. "मग सरळ तार म्हणावं," असं म्हणून तिने विषय मिटवला.

तेवढ्यात गॅलरीतून आमच्या चिरंजीवांचा दबका आवाज आला. कॉलेजातल्या मित्राशी बोलणं चाललं होतं.

"नाही रे. दोन महिने झाले, लाईनच देत नाही ती."

आई ताडकन उठली. "दोन महिने? आणि हा आत्ता सांगतोय? त्या खांबावरच्याला लाव फोन. म्हणावं, बिल वेळच्या वेळी भरतो आम्ही!"