‘लपवून न्या, कंपनीला कळतंय कुठं?’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय आणि आता तो महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवरही पोचलाय. वर दोन झेंडे, खाली ‘अमेरिकेत नोकरी करणाऱ्या प्रत्येक भारतीयाने वाचावे’, आणि मग सहा मुद्दे. अमेरिकेच्या घटनेने बंदुकीचा हक्क दिलाय, तो कंपनी काढून घेऊ शकत नाही. टेक्साससारख्या राज्यांत आता परवानाही लागत नाही, तेव्हा व्हिसावरच्यांनीही पिस्तूल घ्यावं. कपड्यांआड लपवून ऑफिसात नेलं तर कुणाला कळत नाही. गाडीत ठेवायची सोय तर कायद्यानेच केलीय. गोळीबार होतात ते बंदूकबंदी असलेल्या जागीच. आणि नोकरी गेलीच, तर कोर्ट परत मिळवून देतं.

नाशिकच्या माझ्या ताईने हा मेसेज वाचला आणि डॅलसजवळ नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाच्या मागे लागली. मुलगा एच-१बी व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर. त्याचा मला फोन: ‘‘मावशी, आई रोज विचारतेय, घेतलंस का म्हणून.’’ याच ताईने त्याला दहावीपर्यंत लवंगी फटाका हातात धरू दिला नव्हता. तिला मी फोनवर काय सुनावलं ते सोडा. पण मेसेज लिहिणाऱ्याला सुनावणं बाकी आहे.

घटनेचं आधी उरकते. बंदुकीचा हक्क देणारी अमेरिकेच्या घटनेची दुसरी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, तुमच्या मालकाचे नाही. २००८ चा हेलर खटला असो की २०२२ चा ब्रूएन, सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता सरकारने घातलेल्या बंधनांचा. खासगी कंपनीने आपल्या इमारतीत काय आणू द्यायचं, हा तो प्रश्नच नव्हे. शिवाय टेक्सासात हा नुसता कंपनीचा नियम राहत नाही. तिथल्या दंडसंहितेचं कलम ३०.०६ आहे. मालकाने दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत ठरलेल्या मजकुराची पाटी लावली, तर परवानाधारकानेही लपवलेली बंदूक घेऊन आत जाणं हा गुन्हा होतो. पाटी ओलांडली तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर गेला नाहीत तर तुरुंग, एक वर्षापर्यंत. त्यामुळे ‘पॉलिसी म्हणजे काय कायदा आहे का’ हा प्रश्न निदान टेक्सासात तरी विचारू नये.

आता दुसरा मुद्दा. बाकीचे पाच मुद्दे मूर्खपणाचे असतील, हा घातक आहे.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन बाळगायला परवाना लागत नाही, हे खरं. पण कुणाला? वय २१ पूर्ण असलेल्या आणि कायद्याने मुळात बंदूक बाळगू शकणाऱ्या माणसाला. मेसेजवाल्याने हे दुसरं अर्धं वाक्य गिळलंय. संघराज्याच्या कायद्यात, अमेरिकन संहितेच्या १८ व्या शीर्षकाखाली, कलम ९२२ आहे. बंदूक कुणी बाळगायची नाही याची यादी त्यात दिलीय: शिक्षा झालेले गुन्हेगार, अमली पदार्थांचं व्यसन असलेले, घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेले, वगैरे. त्याच यादीत, पोटकलम (जी)(५)(बी) मध्ये, नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या, व्हिसावर देशात आलेले परदेशी नागरिक आहेत. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे. जोडीदाराचा एच-४, कंपनीतल्या बदलीचा एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१ हेही. बाळंतपणाला आलेल्या आईचा बी-२ सुद्धा. राज्याने परवान्याची अट काढली म्हणून संघराज्याची बंदी उठत नाही. या कलमाखाली कमाल शिक्षा २०२२ च्या जूनपर्यंत १० वर्षं होती, आता ती १५ वर्षं आहे.

आणि कलमातलं क्रियापद ‘विकत घेणं’ नाही, ‘जवळ असणं’ आहे. दुकानदाराकडे गेलात तर तो ४४७३ नंबरचा फॉर्म पुढे करतो. त्यात व्हिसाबद्दल सरळ प्रश्न असतो, तिथंच गाडी अडते. म्हणून मेसेज सल्ला देतो की ‘ओळखीच्या माणसाकडून घ्या, कागदपत्रं लागत नाहीत.’ टेक्सासात दोन खासगी माणसांतल्या व्यवहाराला तपासणी लागत नाही, हेही खरं. पण कागद झाला नाही म्हणून गुन्हा झाला नाही, असं कुठं असतं? पिस्तूल तुमच्या ताब्यात आलं की गुन्हा पूर्ण झाला. नुसती काडतुसं असली तरी तेच कलम.

अमेरिकेत आल्याआल्या शूटिंग रेंजवर जाऊन कानाला हेडफोन लावून फोटो टाकणाऱ्या पोरांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. रेहाइफ नावाचा एक विद्यार्थी संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आला. नापास झाला, कॉलेजने काढलं, विद्यार्थी व्हिसाचा आधार गेला, आणि तो तिथंच राहिला. पुढे एका रेंजवर जाऊन त्याने गोळ्या झाडल्या. कुणाला मारलं नाही, लुटलं नाही. त्या रेंजवरच्या बंदुका ‘ताब्यात’ असल्याबद्दल याच ९२२ कलमाखाली त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फिरवली, कारण आपण बेकायदा राहतोय हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. यावरून कुणी म्हणेल, मग मलाही ठाऊक नव्हतं. पण कोर्ट आपल्या स्थितीच्या माहितीबद्दल बोलत होतं, कायद्याच्या माहितीबद्दल नव्हे. पासपोर्टात एच-१बी चा शिक्का चिकटवलेला माणूस ‘मी व्हिसावर आहे हे मला माहीत नव्हतं’ म्हणून कोर्टात उभा राहणार आहे का?

यात एक फट आहे. ती सांगायची माझी इच्छा नाही, पण न सांगितली तर कुणीतरी कॉमेंटमध्ये सांगणारच. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना जवळ असेल, तर व्हिसावरच्या माणसाला या बंदीतून सूट मिळते. ग्रीन कार्ड हातात आलं की ही बंदी लागू होत नाही. ठीक. पण शिकारीचा परवाना दाखवला म्हणून ऑफिसच्या दारावरची पाटी उतरत नाही, आणि मेसेजमध्ये शिकारीचा उल्लेखही नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक हद्दपारीस पात्र ठरतो, मग तो ग्रीन कार्डवाला का असेना. त्याचा उल्लेख असण्याची तर अपेक्षाच नको.

तिसरा मुद्दा, लपवलेलं कळत नाही. बरोबर, कळत नाही. ते बाहेर काढेपर्यंत. मेसेज म्हणतो, गरज पडेल तेव्हाच काढायचं. म्हणजे ज्या दिवशी काढाल त्याच दिवशी कळणार, कॅमेऱ्यासकट. मिशिगनमध्ये बेंटन हार्बरजवळच्या वॉलग्रीन्सच्या दुकानात २०११ च्या मे महिन्यात दरोडेखोर शिरले. जेरेमी होव्हेन नावाच्या फार्मासिस्टकडे परवान्याचं पिस्तूल होतं, कंपनीचा नियम मोडून लपवून आणलेलं. त्याने गोळ्या झाडल्या, दरोडेखोर पळाले, कुणी जखमी झालं नाही. मेसेजवाल्याच्या स्वप्नातला प्रसंग तो हाच. पुढे काय झालं? कंपनीने होव्हेनला काढलं. त्याने दावा लावला, हरला. अपील केलं, २०१४ मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे संघराज्याच्या अपील कोर्टानेही कंपनीचीच बाजू उचलून धरली. माणसाबद्दल मला सहानुभूती आहे. जीव वाचला हे नोकरीपेक्षा मोठं, असं तो म्हणाला असता तर मी वाद घातला नसता. पण मेसेज म्हणतोय की काहीच होत नाही.

गाडीबद्दल मात्र मेसेज निम्मा खरा आहे. ओक्लाहोमात २००२ मध्ये एका कागद कारखान्याने गाडीत बंदुका सापडल्या म्हणून कामगार काढले, त्यावरून गदारोळ झाला आणि ‘पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत ठेवू द्या’ असे कायदे एकेका राज्यात येऊ लागले. टेक्सासात २०११ पासून आहे. मात्र त्याच कायद्यात लिहिलंय की इमारतीच्या आत बंदी घालायचा मालकाचा अधिकार शाबूत आहे, आणि कामासाठी दिलेल्या कंपनीच्या गाडीला ही सवलत नाही. शिवाय सवलत फक्त कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला. म्हणजे व्हिसावाले पुन्हा ९२२ वर.

मग तो ‘बंदूकबंदी तिथंच गोळीबार’. या माणसाच्या डोक्यात हल्लेखोर नेहमी बाहेरून येतो आणि आतले सगळे सज्जन असतात. व्हर्जिनिया बीचमध्ये २०१९ साली महापालिकेच्या इमारतीत १२ जणांना मारणारा तिथलाच इंजिनियर होता. चेसापीकच्या वॉलमार्टमध्ये २०२२ साली ६ जणांना मारणारा रात्रपाळीचा सुपरवायझर. इलिनॉयमधल्या ऑरोरात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ज्याला कामावरून काढायची मीटिंग चालू होती त्याच कामगाराने पिस्तूल काढून ५ जणांना मारलं. नियम झुगारून पिस्तूल लपवून कामावर आलेले कर्मचारी हेच ना? दारात उभ्या असलेल्या माणसाने यातला ‘चांगला’ कोण ते कपाळावरून ओळखायचं का?

उत्तर कॅरोलिनातल्या कामाच्या ठिकाणांचा एक अभ्यास ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये २००५ साली आला. जिथं बंदुकांना परवानगी होती तिथं कर्मचाऱ्याचा खून होण्याची शक्यता, सगळ्या हत्यारांना बंदी असलेल्या जागांच्या तुलनेत ५ ते ७ पट आढळली. कुणी म्हणेल, मुळात धोक्याची दुकानंच बंदूक ठेवतात. थोडं तसं असेलही. पण आकडा मेसेजच्या बरोबर उलट्या दिशेला जातो, एवढं तरी पाहा.

आणि हो, मेसेजने दाखला दिलेला ग्रीनवुडचा मॉल. जुलै २०२२, इंडियाना. मॉलमध्ये बंदूकबंदी होती, तरी २२ वर्षांच्या एका ग्राहकाने पिस्तुलाने हल्लेखोराला मारलं आणि पुढचे जीव वाचले. हे घडलं, मी नाकारत नाही. पण एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या अशा गोळीबाराच्या १६० घटना तपासल्या, त्यात पोलीस नसलेल्या सशस्त्र लोकांनी उलट गोळीबार केल्यावर संपलेल्या ५ होत्या, आणि त्यातल्या ४ मध्ये गोळी झाडणारे सुरक्षारक्षक होते. निःशस्त्र लोकांनी हल्लेखोराला दाबून धरल्याच्या २१. कोलोरॅडोत २०२१ मध्ये जॉनी हर्ली नावाच्या एका नागरिकाने हल्लेखोराला टिपलं, आणि मागून आलेल्या पोलिसाने हर्लीलाच हल्लेखोर समजून गोळी घातली. ग्रीनवुडबद्दल लिहायचं तर हर्लीबद्दलही लिहायला हवं होतं.

राहिली नोकरी. माँटाना सोडलं तर अमेरिकेत नियम असा की मालक कारण न देताही काढू शकतो. युटाच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये वॉलमार्टच्या काढलेल्या कर्मचाऱ्यांची बाजू घेतली, ते मेसेजमध्ये मोठ्या अक्षरांत आहे. पण ते कर्मचारी निःशस्त्र होते. उचलेगिरी करताना सापडलेल्यांच्या हातातलं हत्यार त्यांनी काढून घेतलं होतं, स्वतःचं आणलं नव्हतं. आणि पळायला वाट नसेल तरच, अशी अटही कोर्टाने घातली.

आता समजा भाच्याने दावा लावला आणि तो जिंकणारही आहे. होव्हेनला नोकरी गेल्यापासून अपिलाच्या निकालापर्यंत तीन वर्षं लागली. एच-१बीवाल्याला नोकरी गेल्यावर दुसरा मालक शोधायला, व्हिसा बदलायला किंवा सामान बांधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.