चढ विकत घ्यावा, उतार फुकट असतो

ला पाझमध्ये नवरा-बायकोचं भांडण तिसऱ्या वाक्यापलीकडे जात नाही. चौथ्या वाक्याला हवाच उरत नाही. बोलिव्हियाचं हे शहर साधारण ३,६०० मीटरवर एका खोल दरीत सांडलेलं आहे, आणि विमान उतरतं ते त्याच्याही वर, दरीच्या काठावरच्या एल आल्तोत, जवळपास ४,०६० मीटरवर. शहरात हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच. म्हणजे दर श्वासामागे एक तृतीयांश ऑक्सिजनची कपात, आणि तक्रार नोंदवायला खिडकी नाही.

इथल्या त्रासाला स्थानिक लोक सोरोचे म्हणतात. डोकं ठणकणं, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, झोप न लागणं. तो कोणाला होईल हे व्यायामावर ठरत नाही. उलट जिमला जाणारा माणूस दोन्ही सॅक खांद्यावर टाकून तरातरा निघतो, त्यामुळे तोच आधी आडवा होण्याची शक्यता जास्त. आमच्या घरात हे पद नवऱ्याकडे आहे. बायकोने मागून "अरे, हळू चाल ना" म्हणणं हा इथे वैद्यकीय सल्ला असतो, टोमणा नव्हे.

लिमासारख्या समुद्रकाठच्या शहरातून थेट इथे येऊन उतरणं म्हणजे पायऱ्या गाळून गच्चीवर उडी मारणं. मध्ये कोचाबांबा (सुमारे २,५५० मीटर) किंवा सुक्रे (सुमारे २,८०० मीटर) इथे दोन-तीन रात्री काढाव्यात. ते जमत नसेल तर डॉक्टरांशी बोलून डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी. साधारणपणे १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगायचं. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, आणि लघवीला इतक्यांदा जावं लागतं की शहरातली प्रेक्षणीय स्थळं स्वच्छतागृहांच्या अंतराने मोजली जातात. औषधाच्या दुकानात सोरोचीच्या नावाने तयार गोळ्याही मिळतात. त्यांत अ‍ॅस्पिरिन आणि कॅफीन असतं. म्हणून रात्री घेऊ नयेत. झोप तशीही येत नाही, त्यात कॅफीनची भर कशाला?

रात्रीचा प्रकार जोडप्यांनी आधीच माहीत करून घ्यावा. विरळ हवेत झोपलेल्या माणसाचा श्वास हळूहळू खोल होतो, मग उथळ, मग काही सेकंद चक्क थांबतो, आणि मग एक मोठा हुंदका देऊन पुन्हा सुरू होतो. मेंदू रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडकडे बघून श्वास चालवतो. धापा टाकून तो वायू फार बाहेर गेला की मेंदूला वाटतं, आता घाई नाही. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही. शेजारचा मात्र अंधारात सेकंद मोजत बसतो, आणि पुन्हा श्वास सुरू झाल्यावर इतका वैतागतो की सांगता सोय नाही. हा प्रकार इथे सर्रास होतो. घाबरायचं ते वेगळ्या लक्षणांना: बसल्या जागी धाप, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ. मग देखावे, बुकिंग, पैसे सगळं सोडून डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं.

हॉस्टेल निवडताना लोक नाश्त्याचे फोटो बघतात. बघायचा असतो तो उतार. प्रादो हा मुख्य रस्ता दरीच्या तळातून जातो, आणि बाकीचं गाव दोन्ही बाजूंना चढत जातं. हॉस्टेल प्रादोच्या वर असेल तर दिवसभर हिंडून दमल्यावर रोज रात्री शेवटचा टप्पा चढाचाच. त्यात "तिसऱ्या मजल्यावरून इयिमानीचं दर्शन" असं लिहिलेलं असेल तर लिफ्ट आहे का ते विचारा. ६,४३८ मीटरचा तो बर्फाचा डोंगर तळमजल्याच्या फाटकातूनही दिसू शकतो.

आता मूळ सूत्र. या शहरात चढ विकत घ्यायचा आणि उतार फुकट वापरायचा. चढ विकणाऱ्या यंत्रणेचं नाव "मी तेलेफेरिको", स्पॅनिशमध्ये "माझा रोपवे". २०१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीने उभारलेला हा रोपवे सुरू झाला तेव्हा तिकीट होतं ३ बोलिव्हियानो. आज दहा मार्ग आहेत, प्रत्येकाचा रंग वेगळा. दहा जणांची केबिन, दर बारा सेकंदांनी एक. लोक त्यातून ऑफिसला जातात, भाजी नेतात. आपण एकटेच खिडकीला नाक लावून बसलेले असतो.

पूर्ण फेरी अशी: एस्तासिओन सेंत्रालवरून लाल मार्गाने वर. केबिन मोठ्या दफनभूमीवरून जाते. खाली कबरींच्या भिंती, पुष्पगुच्छांचे चौकोन, मध्ये गल्ल्या. वर १६ दे खुलियो स्टेशनला लाल सोडून चंदेरी पकडायची. ती दरीच्या काठाकाठाने जाते, आणि सगळं शहर पायाखाली वाडग्यासारखं दिसतं. सिउदाद सातेलितेला पिवळी, ती थेट खाली. मग हिरवी, इर्पावीपर्यंत. घरं बदलत जाताना बघावीत: वर उघड्या विटांची, खाली काचेची आणि पोहण्याच्या तलावांची. इतर गावांत श्रीमंत टेकडीवर राहतात. इथे उलट, कारण दरीत खाली खाली थंडी कमी आणि हवा जास्त. १५४८ मध्ये स्पॅनिश लोकांनी शहराची स्थापना वर माळावरच्या लाखा गावी केली आणि काही दिवसांतच वाऱ्याला कंटाळून खाली दरीत मुक्काम हलवला. पैसा तेव्हापासून उतारानेच वाहतोय.

एल आल्तोचा १६ दे खुलियो बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, म्हणून आठवड्यात यांतला एक दिवस आधी राखून ठेवावा, तोही शेवटाकडचा, म्हणजे ४,००० मीटरवर चालायची सवय झालेली असते. जुन्या गाड्यांच्या दारांपासून कुत्र्यांच्या पिल्लांपर्यंत सगळं मिळतं. पैसे आतल्या खिशात, फोन हातात नाही. चाकाल्ताया शिखराची सहल एजंट अगदी पहिल्या दिवशी गळ्यात मारतात. ५,३०० मीटरच्या पुढे जाणारी ती गाडी पहिल्या तीन दिवसांत तरी टाळावी. तिथली हिमनदीही २००९ मध्येच संपली.

रोपवे जिथे जात नाही तिथे मिनीबस. दारात लटकलेला माणूस एका दमात सगळा मार्ग ओरडतो. या उंचीवर त्याला तो दम कुठून मिळतो हा संशोधनाचा विषय आहे. थांबे नसतात. उतरायचं असेल तर चौक येण्याआधी "एन ला एस्किना!" असं मोठ्याने म्हणायचं. पुटपुटलात तर पुढचा चौक, आणि तो चढावर असतो. शंभराची नोट दिली तर संपूर्ण बस आपल्याकडे बघते. सुटे इथे कोणाकडेच नसतात. मोठ्या नोटा सुपरमार्केटमध्ये मोडाव्यात आणि नाणी नवऱ्याच्या हाती देऊ नयेत. डॉलर नेत असाल तर कोरे करकरीत न्या. कोपऱ्यावर जरा फाटलेली नोट परत हातात येते. रस्ता ओलांडताना झेब्र्याच्या वेशातली मुलं गाड्या थांबवतात. २००१ पासून हे चाललंय, आणि शिटी फुंकणाऱ्या पोलिसापेक्षा चालक त्यांचं जास्त ऐकतात असं माझं मत.

खाण्याची अडचण भौतिकशास्त्राने केलेली आहे. इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. चहाला रंग येतो, कडकपणा येत नाही. डाळ दोन तास खदखदून खडेच राहते. म्हणून स्थानिक घरांत प्रेशर कुकर. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तो नसेल तर डाळ-तांदळाचा नाद सोडून पोहे न्यावेत. ते भिजले की झालं, त्यांना उकळीची गरजच नाही. शिवाय पॅक केलेली पाकिटं वर आल्यावर टरारून फुगतात, आणि सनस्क्रीनचं झाकण उघडलं की पहिली पिचकारी शर्टावर. उघडताना तोंड बाहेर, शक्यतो जोडीदाराच्या दिशेने नाही. सनस्क्रीन मात्र लावायचंच. थंडी वाजत असतानाच नाक भाजून निघतं.

सालतेन्या सकाळी खायचा पदार्थ, दुपारनंतर संपतो. आत मांस, बटाटा, वाटाणे, अंडं, बियांसकट ऑलिव्ह, आणि कढत रस. रस आधी जेलॅटिनने गोठवून भरतात, भट्टीत तो वितळतो. खायची रीत: उभा धरा, वरचं टोक चावा, आधी रस शोषा, मग खाली उतरत जा. मधोमध चावा घेणारा पर्यटक अख्ख्या दुकानाला ओळखू येतो, त्याच्या कोपरापर्यंत रस असतो. शाकाहाऱ्यांनी "मांस नको" एवढ्यावर थांबू नये, कोंबडी येते. कोंबडी, हॅम, मासे, प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हणावं. सुरक्षित आसरा म्हणजे आपी, जांभळ्या मक्याचं गरम दाट पेय, आणि सोबत चीज भरून तळलेला फुगीर पास्तेल. टेबलावर याखवा असतेच: टोमॅटो आणि लोकोतो मिरची दगडावर वाटून केलेली. आपला ठेचा खाऊन आलेल्याने पहिल्या चमच्याला बढाई मारू नये.

खरेदी सागार्नागा रस्त्यावर. रस्ता चढाचा आहे, म्हणून टॅक्सीने वरच्या टोकाला जाऊन घासाघीस करत खाली यावं. चढताना घासाघीस करणाऱ्याला विक्रेत्या दम घेऊ देतात आणि किंमत तीच ठेवतात. "बेबी अल्पाका" म्हणून अगदी स्वस्तात मिळणाऱ्या स्वेटरात अ‍ॅक्रिलिक असणारच हे धरून चाला. आवडला तर घ्या, पण अल्पाकाच्या भावाने नको. शेजारच्या चेटकिणींच्या बाजारात वाळवलेले लामाचे गर्भ टांगलेले असतात. घर बांधताना ते पाचामामासाठी, म्हणजे भूमातेसाठी, घराच्या पायात पुरतात. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

निघताना सगळे खिसे, सॅकचे सगळे कप्पे, बुटांच्या पिशव्यासुद्धा तपासायच्या. कोकाच्या (ज्यापासून कोकेन काढतात त्या झाडाच्या) पानांचा चहा इथे प्रत्येक हॉस्टेलात ठेवलेला असतो आणि आठवडाभरात त्या पुड्या कुठेही जाऊन बसतात. भारतात कोकाचं पान १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं, आणि "डोकं दुखत होतं हो" हा बचाव कस्टममध्ये चालत नाही. त्याच कप्प्यात पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड आहे ना, तेही बघून घ्या. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, आणि ते नसेल तर मायदेशी उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात. तिथे हवा भरपूर असते, त्यामुळे राहिलेली सगळी भांडणं तिथे आरामात पुरी करता येतील.