अंतर्मनाला हुकूम देता येतो का?

अंतर्मनाची अफाट ताकद सांगणारा एक मजकूर गेली कित्येक वर्षं रूप बदलत फिरतोय. कधी सूर्योदयाच्या चित्रावर छापलेला, कधी मागे बासरी लावून धीम्या आवाजात वाचलेला. त्यातले दावे साधारण असे: मनाचा पाच टक्के भाग बाह्यमन आणि पंच्याण्णव टक्के अंतर्मन. हृदय, श्वास, पचन हे सगळं अंतर्मनच चालवतं. त्याला खरं-खोटं कळत नाही आणि ‘नाही’ हा शब्द तर ऐकूच येत नाही. झोपताना किंवा झोपेत जे सांगाल ते ते निमूट मान्य करतं. एकवीस दिवस सांगत राहिलं की पक्कं होतं, आणि मग पैसा, नाती, आजार, सगळं सुरळीत.

हे दावे निव्वळ हवेतून आलेले नाहीत, आणि म्हणूनच ते मरत नाहीत. बहुतेकांच्या मुळाशी कुणाचं तरी खरं निरीक्षण आहे. वाटेत त्याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

आधी पंच्याण्णव टक्के. कशाचे? वजनाचे, वेळेचे, की निर्णयांचे? मजकूर सांगत नाही, कारण मन मोजायचं मापच कुणाकडे नाही. हा आकडा लोकप्रिय करण्यात हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले मार्केटिंगचे प्राध्यापक जेराल्ड झाल्टमन यांचा वाटा मोठा. २००३च्या सुमारास ग्राहक खरेदी कशी करतात याबद्दल बोलताना त्यांनी तो वापरला होता. सोबत येणारं हिमनगाचं चित्र, म्हणजे पाण्यावर दिसणारं टोक बाह्यमन आणि खाली बुडालेला मोठा भाग अंतर्मन, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या नावावर खपतं, पण त्यांच्या प्रकाशित लेखनात ते सापडत नाही. ‘सबकॉन्शस’, म्हणजे आपलं ‘अंतर्मन’, हा शब्द तर त्यांना नकोच होता. १९२६ मध्ये त्यांनी विचारलं की या शब्दातून लोकांना नेमकं म्हणायचंय काय: जाणिवेच्या खालच्या थरात असलेलं काहीतरी, की तळघरात राहणारी दुसरी जाणीवच? आपल्या मजकुराचं उत्तर उघड आहे. त्याच्या लेखी आत दुसरा माणूस बसलेला आहे, भोळा, आज्ञाधारक आणि सर्वशक्तिमान.

खरं तर या बाबतीत मराठी बोलणारे चांगले काटेकोर असतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येतो. शुद्धीवर येऊनही आपण कुठे आहोत याचं भान त्याला नसू शकतं. भान आल्यावरही आपण तेच तेच विचारतोय याची जाणीव नसू शकते. बेशुद्ध पडलेल्याला कुणी बेभान म्हणत नाही, आणि बेभान होऊन नाचणारा बेशुद्ध नसतो. ‘अंतर्मन’ या शब्दाचं मात्र पोतं झालंय. दाबलेल्या आठवणी, सायकल चालवायची सवय, हृदयाचे ठोके, झोपेतली स्वप्नं, जे जे आपल्याला न कळत होतं ते ते त्यात. एकदा सगळं एकाच पोत्यात गेलं की ‘जे हृदय चालवतं तेच तुमचं कर्जही फेडेल’ हे वाक्य सहज गळी उतरतं.

हृदयाचा दावा चटकन निकालात निघतो. ठोका हृदयातच तयार होतो, उजव्या कर्णिकेतल्या (वरच्या उजव्या कप्प्यातल्या) पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात. हृदयप्रत्यारोपणात मेंदूकडून येणारे चेतातंतू कापले जातात, तरी नव्या शरीरात ते हृदय धडधडतं. वेग कमी करणारी मेंदूची सूचना पोहोचत नसल्यामुळे त्याचे ठोके उलट थोडे जास्तच पडतात. श्वासाची लय मेंदूच्या देठातून येते आणि आतड्यांना स्वतःचं चेतातंतूंचं जाळं असतं. या यंत्रणांना शब्द कळत नाहीत.

पण आपल्याला न कळत मेंदू पुष्कळ काही करतो आणि शिकतोही, हे खरं. याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे हेन्री मोलायसन हा अमेरिकी रुग्ण. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, स्मृतीशी संबंधित भाग काढण्यात आला. त्यानंतर नवी गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. हे काम कुणालाही आधी जमत नाही, हात उलटाच जातो. तीन दिवसांत मोलायसनच्या चुका कमी कमी होत गेल्या. मात्र प्रत्येक वेळी त्याला वाटे की हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. हात शिकला आणि माणसाला पत्ता नव्हता!

आता मजकुराची खरी गोची इथे आहे. मोलायसनचा हात शिकला तो पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवून. ‘मी उत्तम चांदणी काढतो’ असं त्याच्या कानात कुणी सांगितलं नव्हतं. अजाणतेपणी चालणारं शिक्षण सरावातून होतं. सायकल, टायपिंग, पोहणं, भाषेचे उच्चार, कुठलंही उदाहरण घ्या, जाहीरनामा ऐकवून यातलं काही येत नाही. मजकूर या शिक्षणाची खरी ताकद दाखवतो आणि वापरायची पद्धत भलतीच सांगतो.

‘नाही’ ऐकू येत नाही, हा दावा बहुधा डॅनियल वेगनर यांच्या १९८७च्या प्रयोगातून घरंगळत आला असावा. विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पण का? वेगनर यांचं स्पष्टीकरण असं की विचार टाळायचा असेल तर तो येतोय का यावर पाळत ठेवावी लागते, आणि पाळत ठेवायची तर तो विचार जागा ठेवावाच लागतो. म्हणजे मनाला ‘नाही’ चांगलंच कळलेलं असतं, तेच पाळण्यात ते गुंतलेलं असतं. ‘गोळी उपाशीपोटी घेऊ नका’ हे वाक्य आपण रोज विनासायास समजतो आणि पाळतो, हे बाकी कुणाच्या लक्षात येत नाही.

झोपेत सांगण्याबद्दल. १९५०च्या दशकात अमेरिकेत ‘झोपेत शिका’ म्हणून ध्वनिमुद्रणं विकली जात. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी १९५६ मध्ये झोपलेल्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवत त्यांना माहिती ऐकवली. आठवलं ते जागेपणी किंवा पेंगताना कानावर पडलेलं. गाढ झोपेतलं काहीच नाही. झोपेचा स्मरणाशी संबंध मात्र घट्ट आहे. २००७ च्या एका जर्मन प्रयोगात कार्डांच्या जोड्यांच्या जागा पाठ करताना लोकांना गुलाबाचा वास दिला आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला, तर सकाळी जागा जास्त चांगल्या आठवल्या. जागेपणी केलेलं काम झोपेत पक्कं होतं. न केलेलं काम होत नाही.

आणि जागेपणी सांगितलं तर? १९९१ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी एक मिश्कील प्रयोग केला. बाजारात विकल्या जाणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या सूचनांच्या कॅसेटी त्यांनी लोकांना महिनाभर ऐकायला दिल्या, काही स्मरणशक्तीच्या आणि काही आत्मविश्वासाच्या. त्यातल्या निम्म्यांवरची लेबलं अदलाबदल केलेली होती. महिन्यानंतर बऱ्याच जणांना फरक वाटला, तोही लेबलावर लिहिलेल्या गोष्टीत. आत काय होतं याच्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि चाचण्यांत त्या सूचनांमुळे झालेली सुधारणा दिसली नाही. ‘मला तर फायदा झाला’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, हे यातून छान कळतं.

उघड उच्चारलेल्या वाक्यांची गत याहून विचित्र. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता त्यांना आणखी वाईट वाटलं. आतला माणूस भोळा असता तर त्याने मान डोलावली असती. इथे तो हुज्जत घालताना दिसतो.

एकवीस दिवसांचं मूळ तर प्लास्टिक सर्जरीत आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या सर्जनने १९६० मध्ये लिहिलं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. ‘निदान’ गळलं, चेहरा गळला, आकडा तेवढा राहिला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी रोजच्या साध्या सवयींवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. अभ्यास स्वतः ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे वरचं टोक आलेखावरून पुढे काढलेला अंदाज आहे. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

राहिला आजारांचा दावा, आणि इथे मला हा मजकूर नुसता भाबडा न वाटता घातक वाटतो. विश्वासाने वेदना, मळमळ, थकवा कमी जाणवू शकतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला दम्याच्या ३९ रुग्णांचा अमेरिकी प्रयोग बघा. त्यांना वेगवेगळ्या वेळी खरा पंप, औषध नसलेला पंप, नाटकी अॅक्युपंक्चर आणि कुठलाच उपचार नाही, असं सगळं मिळालं. पहिल्या तिन्ही वेळी रुग्णांनी जवळपास सारखाच आराम पडल्याचं सांगितलं. फुप्फुसांची क्षमता यंत्रावर मोजली तेव्हा खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती, बाकी तिन्ही वेळी सुमारे ७ टक्के. म्हणजे बरं वाटत असताना श्वासनलिका आकसलेल्याच असू शकतात, आणि अशा वेळी पंप कपाटात ठेवून अंतर्मनाशी बोलत बसलेल्या माणसाला पुढचा झटका कधी येईल हे त्याला आधी कळेलच असं नाही.