"प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं…"

आमच्या चर्चची घरसभा, म्हणजे घरी जमून केलेली प्रार्थनासभा, शुक्रवारी संध्याकाळी असते. गीत होतं, वचन वाचून होतं, मग प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचा व्हिसा अडकलेला. गेल्या वर्षी एका शुक्रवारी मीही विषय दिला. ओळखीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलंय, तिच्यासाठी प्रार्थना करा. इथंच थांबायला हवं होतं. पण कुणीतरी विचारलं, "अगंबाई, का हो?" आणि मी सुरू झाले. मुलाकडच्यांना काय कळलं, कुणी कळवलं, पोरगी आधी कुठं नोकरीला होती, तिथं काय काय झालं. आवाज खालचा, चेहरा गंभीर. सगळं सांगून झाल्यावर आम्ही अकरा जणींनी डोळे मिटले आणि पाळकबाईंनी फार सुंदर प्रार्थना केली.

रविवारच्या उपासनेपर्यंत ती गोष्ट आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आणि शेजारच्या मंडळीतही फिरून आली होती. येताना दोन-तीन नवीन तपशील घेऊन.

पंधरा दिवसांनी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईनं "सलाम ताई, या" म्हणून आत घेतलं, चहा ठेवला. मी काय बोलायला आलेय ते तिला माहीत होतं. मला काही बोलू न देता म्हणाली, "पुढच्या वेळी प्रार्थना करायची असेल तर थेट देवालाच सांगा. आमचा पत्ता त्याला माहितीय." कप हातात तसाच राहिला माझा.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहितेय. आपल्यात बोलण्याबद्दल उपदेश झाला की तो शिव्यांवर येऊन थांबतो. ख्रिस्ती माणसानं शिवी देऊ नये, तोंड घाण करू नये. मान्य. आमच्या घरी 'गाढवा'च्या पुढं जायची कुणाची टाप नव्हती. नगरला असताना माझ्या भावानं एकदा 'च्यायला' म्हटलं तर दादांनी त्याला रात्रभर जेवायला दिलं नव्हतं. पण खरं सांगू का, आपल्यातल्या बहुतेकांचा त्रास शिव्यांचा नाहीच. आपला त्रास आहे आपल्या पवित्र शब्दांचा. चहाडी आपण 'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली करतो. टोमणा मारायच्या आधी 'प्रीतीनं सांगते हं' असं म्हणतो. आणि काही करायचं नसलं की 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हणून मोकळे होतो.

इफिसकरांच्या पत्रात पौल लिहितो की तुमच्या मुखातून कुजकं भाषण निघू नये. आपल्या शास्त्रातला हा 'कुजकं' शब्द मला फार अचूक वाटतो. मूळ ग्रीक शब्द तोच, जो मत्तयाच्या शुभवर्तमानात जाळ्यातल्या टाकाऊ मासळीसाठी आलाय. पण मराठीत त्याला आणखी एक धार आहे. आपल्याकडे कुजकट बोलणं म्हणजे शिवीगाळ नव्हेच मुळी. कुजकट बोलणारी बाई कधीच आवाज चढवत नाही. ती हसून म्हणते, "बरंय बाई तुमचं, प्रभूनं भरभरून दिलंय, मंडळीला वेळ कुठून मिळणार!" किंवा सोयरीक बघताना हळूच विचारते, "तुम्ही मूळचे कोण?" चार पिढ्या बाप्तिस्मा झालेल्या घराला विचारलेला हा प्रश्न. यात एकही वाईट शब्द नाही. वास मात्र येतो.

'प्रार्थना करते' या दोन शब्दांचंही जरा बघूया. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे: भाऊ किंवा बहीण उघडीवाघडी आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि तुम्ही म्हणता सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा, पण देत काहीच नाही. मी हे अनेकदा केलंय. कुणी मुलाच्या फीची अडचण सांगितली की तोंडातून आपोआप निघतं, "प्रार्थना करते हं." आणि बस स्टॉपपर्यंत विसरलेलीही असते. म्हणजे मदत तर नाहीच, प्रार्थनाही नाही. हे खोटं बोलणं आहे, दुसरं काय? येशूनं सांगितलं तुमचं होय ते होय असावं, नाही ते नाही. आपण 'होय'ही म्हणत नाही न् 'नाही'ही म्हणत नाही, मधल्या मध्ये 'आमेन' म्हणतो. हल्ली मी जमलं तर तिथंच उभ्याउभ्या दोन वाक्यांची प्रार्थना करते. लोक कावरेबावरे होतात, पण विसरायची सोय राहत नाही.

मयताच्या घरचं बोलणं हा तर वेगळाच विषय. माझा भाऊ गेला तेव्हा त्याची मुलं नऊ आणि सहा वर्षांची होती. दिवसभर लोक येत होते आणि वहिनीला सांगत होते, "प्रभूला त्याची गरज होती." रात्री सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "आणि मला नव्हती का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली, सगळं गेलं, आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसून होते, कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढा आठवडा ते खरे मित्र होते. पुढं त्यांनी तोंड उघडलं, पानंच्या पानं देवाची बाजू मांडली, आणि शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेशी येशू रडला, हेही आपण दर मयतीला वाचतो. भाऊ गेला त्या दिवशी समोरच्या मामी, ज्या कधी चर्चची पायरी चढल्या नाहीत, पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दोन घास खाऊन घ्या." वहिनी जेवली ती तेव्हाच.

व्हॉट्सअॅपचं फार लिहीत नाही. पहाटे पाच वाजता वचन आणि साडेपाचला कसलीही खात्री न केलेली, कुठल्या तरी राज्यातली भयंकर बातमी, 'कृपया सर्व ग्रुपमध्ये पाठवा'. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा बोटांनाही लागू आहे.

कुणी म्हणेल, मग काय सतत साखर पेरत बोलायचं? नाही हो. येशूनं हेरोद राजाला कोल्हा म्हटलंय. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. पण तो राजाकडे गेला! राजासाठी प्रार्थना करा म्हणून अकरा जणींकडे नाही गेला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सरळ लिहिलंय, भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा, तो आणि तू एकटे असताना बोल. इतकं सोपं वचन आणि इतकं कमी पाळलेलं दुसरं नसेल.

मला वाटतं आपल्याला दोन भाषा ठेवायची सवय लागलीय. रविवारी 'हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या कृपेच्या सिंहासनापाशी येतो', आणि सोमवारी भाजीवाल्या मावशीशी दोन रुपयांवरून बोलतो ती. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घालवली, कमी शिकलेल्या बायांनाही कळावं म्हणून. देवाचं वचन त्यांनी घरच्या बोलीत आणलं. आपली घरची बोली मात्र वचनापर्यंत जायला तयार नाही.

परवाच्या शुक्रवारी विषय मागितले, तेव्हा एक जण पुढं सरकून बसली. "नाव नाही घेत हं, पण आपल्या त्या कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधली…" सगळ्यांचे कान टवकारले. माझेही. मी चहाचं बघते म्हणून उठले आणि आत जाऊन गॅसपाशी उभी राहिले. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, त्यामुळं निम्मं ऐकू आलंच.