आधी फॉल्ट शोधा, मग पाना उचला

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, फॉल्ट सापडल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. खानापूरपासून निपाणीपर्यंत आपल्या बेळगाव भागात अजून कितीतरी दारांत मारुती ८००, ओम्नी, क्वचित एखादी पद्मिनी उभी आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची इंजिनं धडधाकट आहेत. निदान चुकतं, पैसे जातात, घरातले वैतागतात आणि शेवटी गाडी भंगारवाल्याकडं जाते. हे बघवत नाही म्हणून लिहितोय.

आमच्या गल्लीतल्या एका काकांची १९९८ सालची कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग) ८०० आहे. सकाळी चावी फिरवली की नुसता 'कट्ट' आवाज, इंजिन फिरायचं नाव नाही. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलून दिली. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, बदलला. काका माझ्याकडं आले ते पार कंटाळून. "बॅटरी नवीन घातलो, सेल्फ नवीन घातलो, आता इंजिन बदलू काय रे?"

मल्टिमीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. ह्या दोन जागांमध्ये तेव्हा जेमतेम पाव-अर्धा व्होल्ट दिसायला पाहिजे. मीटरनं दोनच्या वर आकडा दाखवला. बॅटरीपासून इंजिनला येणारी अर्थिंगची केबल बोल्टखाली गंजली होती. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू चकचकीत केल्या, आवळलं, गाडी सुरू. नवी बॅटरी आणि नवा सेल्फ ह्यांची गरजच नव्हती.

ह्यामागचा हिशोब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढतो. गंजामुळं ०.०२ ओहम इतका किरकोळ अडथळा आला तरी १०० अँपिअरला २ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. हेडलाइट मात्र झक्क लागतात, कारण त्यांना लागणारा करंट थोडा. आणि लाइट लागतोय म्हणजे वायरिंग ठीक, असं धरून माणूस बॅटरी-सेल्फच्या मागं लागतो. माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकानं पहिली खरेदी करावी ती साध्या डिजिटल मल्टिमीटरची. बॉनेटच्या आतल्या बाजूला आकडे लिहून ठेवा. गाडी बंद असताना १२.६, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनवर १३ च्या खाली दिसलं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडं बघा, १५ च्या वर गेलं तर त्याचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवणार.

सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते, पेट्रोल लागतं आणि दाब लागतो. तिन्ही बरोबर वेळेवर आले की इंजिन सुरू होणारच. म्हणून तपासायचं एकेक करून, आणि एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. मी ठिणगीपासून सुरू करतो. प्लग काढायचा, वायरला जोडायचा, इन्सुलेटेड पकडीनं त्याची लोखंडी बाजू इंजिनला टेकवायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडक ठिणगी आली तर इग्निशन ठीक. पिवळी, मरगळलेली असली तर कॉइल, वायरी, रोटर आणि जुन्या पद्मिनीत पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीसाठी करंट तोडणारी जोडी) तपासा. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी लागते, ती फिलर गेजनंच मोजा, डोळ्यांनी नाही. हे करताना आसपास पेट्रोलची उघडी नळी किंवा बाटली असता कामा नये. पेट्रोलची तपासणी वेगळी, नंतर. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांना चिकटपट्टी लावून नंबर घाला. ८०० ची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२, पद्मिनी-अँबॅसिडरची १-३-४-२. दोन वायरी उलट लागल्या की नसलेला फॉल्ट तयार होतो आणि त्यात अख्खा रविवार जातो.

काढलेला प्लग लगेच पुसू नका. आधी त्याचा रंग बघा. फिकट तपकिरी असला तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक (थंड इंजिनला हवा कमी करणारी झडप) अडकलेला. पांढराफटक म्हणजे हवा जास्त. तेलकट, ओला काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. तेल वर येत असेल तर सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावा, आणि दाब कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आता दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एका चमच्यानं हजारो रुपयांच्या कामाची दिशा ठरते, आणि मिस्त्रीकडं जाताना आपण काय करून घ्यायला चाललोय हे आपल्याला माहीत असतं.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाच्या) टोपीतच असतं. आत ओल धरते आणि करंट प्लगला जायच्या आधीच पळतो. टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसा, आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर टोपी बदला. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं की गळक्या वायरींवर निळ्या ठिणग्या स्वतःहून दिसतात. ह्या तपासणीला एक पैसा लागत नाही.

आता इथेनॉल. ह्याबद्दल आपल्याकडं जास्त बोललं पाहिजे, कारण आपला जिल्हा उसाचा. आपल्याच शिवारातला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि पेट्रोलमधून आपल्याच टाकीत येतं. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं ह्याचा मला आनंद आहे, आणि इथेनॉलला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. पण २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपावर यायला लागलं, ते आता सगळीकडं आहे, आणि आपली १९९५ ची ओम्नी त्यासाठी बनवलेली नाही. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक ठरलेलं, त्याला कसं कळणार? म्हणून मिश्रण पातळ पडतं, थंड इंजिन झटके खातं, डिसेंबरच्या सकाळी चोक नेहमीपेक्षा जास्त वेळ ओढून धरावा लागतो, चढावर पिकअप मिळत नाही. लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात. ज्याला कार्बोरेटर कळतो अशा माणसाकडून मेन जेट किंचित मोठा करून घेतला आणि मिक्स्चर पुन्हा लावलं, तर बराच फरक पडतो. मायलेज मात्र थोडं कमीच राहणार, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते.

त्याहून काळजीची गोष्ट रबराची. जुन्या नळ्या, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा (डायफ्राम), कार्बोरेटरमधली सीलं इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात, नंतर तडकतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर पाणी तळाला बसतं, टाकी आतून गंजते आणि तो गाळ फिल्टरमध्ये येतो. मग रस्त्यात गाडी बंद पडते, थोडा वेळ थांबली की पुन्हा सुरू होते, आणि सगळे म्हणतात कॉइल तापतोय. पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. धार जोरात, ठेक्यात पिचकारीसारखी आली तर पंप ठीक. थेंब थेंब आली तर आधी फिल्टर, मग पंप.

इथं मी कोणाचंही ऐकून घेणार नाही असा एक विषय आहे, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. गाडी गरम होते म्हटलं की "आपल्याकडं कशाला पाहिजे, काढून टाका की" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकू नका. तो काढला की इंजिन हवं तेवढं तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल राहते आणि सिलिंडर आतून झिजतो. गरम होण्याचं खरं कारण वेगळंच असतं. कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी घालून रेडिएटर आतून क्षारानं भरलेला असतो, किंवा फॅन फिरत नसतो. फॅनच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायरी देऊन बघा. फिरला तर मोटर ठीक आहे, दोष स्विचमध्ये किंवा रिलेमध्ये.

आपण ह्या बाबतीत भाग्यवान आहोत, कारण बेळगावची उद्यमबाग, कारखान्यांची वसाहत, आपल्याजवळ आहे. फाउंड्री, लेथ, टर्नर, फिटर ह्यांचं हे गाव. ८०० च्या अॅल्युमिनियम हेडमधले प्लगचे आटे गेले तरी नवे आटे घालून मिळतात. बुश काढून मिळतो, ब्रेक ड्रम टर्न करून मिळतो. जो पार्ट इथं नाही त्यासाठी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहे. माझा लेथवाला मामा गोकाकच्या गिऱ्हाईकाशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि पोऱ्याशी उर्दूत बोलतो, आणि मापात तिन्ही भाषांत चुकत नाही. अशा माणसांकडं नीट निदान घेऊन गेलं की त्यांनाही काम करायला हुरूप येतो. "कायतरी आवाज येतोय बघा" एवढंच सांगितलं तर त्यांनी तरी काय करायचं?

घरी काय करायचं नाही तेही सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही. खाली स्टँड लागतात, आणि दगड-विटा म्हणजे स्टँड नव्हे. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. आणि ब्रेक उघडायचे तर पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच, कारण इंजिनचा फॉल्ट गाडी थांबवतो, ब्रेकचा फॉल्ट थांबू देत नाही.

"एवढं कशाला, नवीन घ्या की" असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आहे. १५ वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५००० झालं, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०००० झालं. तरीसुद्धा बाजारहाटाला, शेतावर जायला, आईला दवाखान्यात न्यायला स्वतःच्या हातानं धडधाकट ठेवलेली गाडी हप्त्यांच्या गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आणि आपल्या पोरांना मीटर धरता येतो, प्लग वाचता येतो, ही कमाई वेगळीच.

मिरगाच्या आत ज्यांच्याकडं कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी एक काम करून घ्या. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी दोन बोटांत दाबून, वाकवून बघा. चिकट लागली, फुगलेली वाटली किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला, ही नळी डिस्ट्रिब्युटरच्या जवळून जाते आणि गळकं पेट्रोल तिथंच पेट घेतं. दुकानात फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या नव्या) गाडीला चालणारी, इथेनॉल सोसणारी नळी मागा, साधी काळी नको. क्लिपासुद्धा नव्या घ्या. मापासाठी जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या.