‘आर्टिफॅक्ट म्हणजे मशीन बिघडलं’ या फॉरवर्डला एका मेकॅनिकचं उत्तर

‘सोनोग्राफी रिपोर्टात “आर्टिफॅक्ट” दिसलं की समजा मशीन खराब. आर्टिफॅक्ट म्हणजे चुकीची माहिती. महागड्या मशीनवर असं येत नाही. पैसे परत मागा.’ हा मजकूर मला चार ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचा. ही मशीनं दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे गप्प बसवेना. आर्टिफॅक्ट म्हणजे पडद्यावर दिसणारी, पण शरीरात तशी नसलेली खूण.

‘मशीन खराब.’ मशीनला पोटातलं काही दिसत नसतं. ते आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून खोली काढतं: १३ मायक्रोसेकंदाला एक सेंटिमीटर. आवाज सगळीकडे सेकंदाला १५४० मीटर वेगाने, सरळ जातो आणि एकदाच आपटून परत येतो, असं यात गृहीत धरलेलं असतं. शरीर कुठलं ऐकायला! चरबीत वेग १४५०च्या आसपास असतो, म्हणून पाच सेंटिमीटर चरबीखालची गोष्ट पडद्यावर तीनेक मिलिमीटर खोल सरकते. श्वासपटल आरशासारखं वागतं आणि यकृतातली गाठ फुप्फुसाच्या जागी पुन्हा उमटते. सगळ्यात गमतीचे पोटाच्या मधले उभे स्नायू. ते आवाजाची वाट भिंगासारखी वाकवतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांतला एकच गर्भ कधी कधी दोन दिसतो. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो हातातला भाग, जरा बाजूला घेतला की जुळं गायब. यात मशीन ठणठणीत असतं.

‘चुकीची माहिती.’ पित्ताशयातला खडा डॉक्टर ओळखतात तो बऱ्याचदा त्याच्या मागे पडणाऱ्या काळ्या सावलीवरून. ती सावली आर्टिफॅक्टच. पाण्याच्या गाठीमागचा उजेडही तसाच. मूतखड्यावर कलर डॉपलर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) लावला तर रक्त वाहत नसतानाही रंग लुकलुकतात, आणि त्यावरूनच खडा सापडतो. हवेने भरलेलं फुप्फुस तर नीट दिसतच नाही. त्यात पाणी साचल्याचा अंदाज पडद्यावरच्या उभ्या उजळ रेघांवरून बांधतात, आणि त्या रेघाही आर्टिफॅक्ट.

‘महाग मशीनवर येत नाही.’ कमी येतात, हे खरं. पण भारी मशीनं एकच जागा अनेक कोनांतून पाहून चित्र गुळगुळीत करतात, त्यात बारीक खड्याची उपयोगी सावलीही पुसट होते. ती हवी असेल तेव्हा डॉक्टर ही सोय मुद्दाम बंद करतात.

‘पैसे परत मागा.’ आर्टिफॅक्ट असं लिहिणाऱ्याने ते ओळखलेलं असतं. न ओळखता रोग म्हणून लिहिलं असतं, तर भांडायला कारण होतं.

आता त्या फॉरवर्डच्या पोटात दडलेली समजूत: चित्र छान, म्हणजे मशीन छान. माझ्या मते सगळ्यात घातक हीच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका पाहणीत ३२ रुग्णालयांतले ६७६ प्रोब तपासले गेले. जवळपास ४० टक्के सदोष निघाले, आणि हे सगळे रोजच्या वापरातले होते. प्रोबच्या तोंडाशी शंभराहून जास्त बारीक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. प्रोब हातातून पडला, केबल ट्रॉलीच्या चाकाखाली आली, की त्यातले काही मरतात. बाकीचे सांभाळून घेतात, चित्र येत राहतं. फक्त बारीक गोष्टी फिकट होतात, आणि डॉपलर कमजोर पडतो.

हे पकडायला महागडा फँटम (मशीन तपासायचा नकली शरीराचा ठोकळा) लागतोच असं नाही. प्रोब पुसून कोरडा करा आणि हवेत धरा. पडद्यावर वरच्या बाजूला पृष्ठभागाला समांतर, सारखे पट्टे दिसायला हवेत. मध्येच उभी काळी चीर दिसली की तिथले स्फटिक संशयित. मग थेंबभर जेल लावून नाण्याची कड किंवा पेपरक्लिप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. जिथे उजेड मंदावतो, तिथे दोष. (हृदयाच्या छोट्या प्रोबवर ही युक्ती इतकी सरळ चालत नाही.) पेशंट तपासतानाही एक खूण असते: खड्याची सावली प्रोब हलवला की खड्याबरोबर पडद्यावर सरकते, मेलेल्या स्फटिकांची चीर जागची हलत नाही.

दोन मिनिटांचं काम, खर्च नाण्याएवढाही नाही. तरी प्रोब हवेत धरायला सांगितलं की बहुतेक ठिकाणी मला ऐकू येतं, ‘अहो, चित्र येतंय ना?’