'३ दिवस सांगून १८ दिवस लावले' या अभिप्रायास उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक तारा देऊन लिहिले आहे की आपल्या बंद पडलेल्या सर्व्हरमधल्या (सगळ्या फाइली साठवणाऱ्या संगणकातल्या) फाइली परत काढून देण्यासाठी आम्ही ३ दिवस सांगून १८ दिवस लावले, ४५ हजार रुपये घेतले आणि फाइली अर्धवट दिल्या. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आंब्याच्या हंगामाची बिले अडकली की कॅनिंगवाल्याची काय घालमेल होते, हे चिपळुणात राहून मला ठाऊक आहे. रकमेचा आकडा आपण कामाआधीच लेखी मान्य केला होता आणि त्यात एक रुपयाही वाढला नाही.

दिवसांचा हिशेब मात्र मला फार लागला. सर्व्हर २७ जूनला आला. पावतीवर 'तपासणी ३ दिवस' असे लिहिले आहे, आणि ३० जूनला मी स्वतः फोन करून डिस्कची अवस्था व खर्च सांगितला. आपला होकार ४ जुलैला आला. ते ४ दिवस माझ्या नावावर कसे लागले? त्या काळात सर्व्हरमधल्या चार डिस्कपैकी खचलेल्या चौथ्या डिस्कला आम्ही हात लावला नाही, कारण खचलेली डिस्क जितकी चालवावी तितकी आणखी खचते, आणि मालकाच्या संमतीशिवाय ती जोखीम मी घेत नाही. धडधाकट ४ टीबी डिस्कची प्रत ९-१० तासांत निघते. या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे खराब भाग, इतके होते की ६ दिवस लागले, आणि पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे त्या सहाही रात्री माझा मुलगा दुकानातच झोपला.

'अर्धवट' या शब्दाबद्दलही लिहिणे भाग आहे. आपल्या चार डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे मजकूर सगळ्या डिस्कवर वाटून ठेवण्याच्या पद्धतीत, होत्या; त्यात एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर काढता येतो, आणखी एक गेली की मार्ग खुंटतो. सर्व्हरच्या नोंदीनुसार दुसरी डिस्क ९ एप्रिललाच बाहेर पडली होती आणि जूनमध्ये चौथीही पडली. त्यानंतर, आमच्याकडे येण्यापूर्वी, कोणीतरी एप्रिलपासून बंद असलेली ती दुसरी डिस्क जबरदस्तीने चालू करून चौथीवर रिबिल्ड (इतर डिस्कवरून हिशेब करून मजकूर नव्याने लिहिणे) लावले आणि ते दोन तास चालले. म्हणजे एप्रिलच्या शिळ्या मजकुराच्या आधारे चौथीवरचा खरा मजकूर पुसला गेला. एप्रिलनंतर न बदललेल्या जुन्या फाइली म्हणूनच नीट उघडल्या, आणि पुसल्या गेलेल्या भागातील हंगामाची बिले गेली. ज्या मजकुरावर एकदा दुसरे काही लिहिले गेले, तो कोणालाच परत आणता येत नाही. हे मी ३० जूनच्या फोनवरच सांगितले होते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिखलाने भरलेल्या डिस्क घेऊन लोक दारात उभे होते, तेव्हाही तपासल्याशिवाय 'होईल' असे मी कोणाला म्हटले नाही.

यापुढे तपासणीची व कामाची मुदत पावतीवर वेगवेगळी लिहू आणि मधून मधून कळवत राहण्याचाही प्रयत्न करू. आपल्या चारही डिस्कच्या प्रती अजून माझ्या कपाटात आहेत. एखादे ठरावीक बिल हवे असल्यास अवश्य यावे, शोधण्याचे पैसे घेणार नाही. पण त्या पुसल्या गेलेल्या भागाबद्दल खोटी आशा दाखवणार नाही.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, चिपळूण